डोंगरावरची भाषा ऐकताना

(मालेगाव येथे प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मालेगावच्या किल्ल्याशेजारून वाहणारी मोसम नदी बागलाणच्या डोंगरांतून येते. साल्हेर आणि मुल्हेर या किल्ल्यांच्या परिसरात तिचा उगम आहे. ताहाराबाद, नामपूर ही गावे ओलांडीत ती मालेगावास पोहोचते आणि येथून जवळच गिरणेला मिळते. या नदीच्या काठाने कोणी उलट दिशेने, उगमाकडे निघाले, तर एका दिवसाच्या प्रवासात त्याच्या कानांवर भाषेचे अनेक पालट येतील.

मालेगाव शहरात मागांच्या वस्तीत उर्दू ऐकू येते. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या विणकर कुटुंबांनी ती येथे आणली. कचेरीत आणि मराठी शाळेत प्रमाण मराठी चालते. शहराची वेस ओलांडली की शेताच्या बांधावर अहिराणी सुरू होते. तेथे मुलगा हा 'आंडोर' असतो, मुलगी 'आंडेर' असते, 'मला' या शब्दाचे 'माले' होते आणि 'माझा बाप' हा 'मना बाप' होतो. आणखी वर, डोंगराच्या कुशीतील पाड्यांवर, कोकणा आणि भिल्ल समाजांच्या बोली आहेत. कोकणा समाजाच्या बोलीला कोकणी असेही म्हणतात. परंतु गोव्याच्या कोकणीहून ती निराळी आहे. नावावरून भाषेचा निवाडा करणाऱ्याची फसगत होते, ती अशी.

इतकी विविधता एका नदीच्या खोऱ्यात नांदत असताना शाळेच्या प्रवेश अर्जातील 'मातृभाषा' या रकान्यात मात्र बहुधा एकच शब्द लिहिला जातो. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला घाई असते, पालकाला संकोच असतो, आणि दोघांनाही या रकान्याचे पुढे काय होते याची कल्पना नसते. आजच्या भाषणाचा विषय हा रकाना आहे. दूरच्या डोंगरी समाजाची भाषा जाणून घेण्यासाठी कोण कसे गेले, न जाता काय घडले, आणि जे कामानिमित्त तेथे आधीच पोहोचलेले आहेत त्यांच्या हातून काय होऊ शकते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

पत्रोपत्री झालेले सर्वेक्षण

हिंदुस्थानातील भाषांची पहिली मोठी पाहणी जॉर्ज ग्रियर्सन या सनदी अधिकाऱ्याने केली. हे काम १८९४ साली सुरू झाले आणि १९०३ ते १९२८ या काळात त्याचे अकरा खंड प्रसिद्ध झाले. १७९ भाषा आणि ५४४ बोली यांची त्यात नोंद आहे. एवढ्या विस्ताराचे दुसरे काम त्या काळी जगात क्वचितच झाले असेल. आजही अभ्यासकाला त्यापासूनच आरंभ करावा लागतो.

या कामाची पद्धत सरकारी होती. जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांकडे तीन गोष्टी मागविण्यात आल्या. बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे स्थानिक बोलीत केलेले भाषांतर ही पहिली, त्या बोलीतील एखादी स्वतंत्र कथा किंवा कथन ही दुसरी, आणि ठरावीक शब्दांची व वाक्यांची यादी ही तिसरी. जिल्ह्याकडून मागणी खाली जाई, खालून कागद वर येत, आणि ग्रियर्सन व त्यांचे सहकारी त्यांवरून व्याकरण मांडीत. कामाचा बराच भाग ग्रियर्सन यांनी इंग्लंडमध्ये राहून पुरा केला.

या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही एकाच ठिकाणी आहेत. अधिकारी सर्वत्र होते, म्हणून कागद सर्वत्र पोहोचला. पण डोंगरावरच्या माणसाला दृष्टांत सांगावयाचा तो मराठीतून किंवा हिंदीतून. त्याने आपल्या बोलीत त्याचे भाषांतर करावयाचे आणि तिसऱ्याच माणसाने ते नागरी लिपीत उतरवून घ्यावयाचे. अशा वेळी वाक्याची ठेवण मूळ कागदाचीच राहण्याचा संभव असतो. सांगणारा आपल्या भाषेत बोलत नाही, तो दुसऱ्याचे वाक्य आपल्या शब्दांनी भरीत असतो. शिवाय बापाच्या मालमत्तेची वाटणी मागणारा मुलगा, बोटात अंगठी आणि मेजवानीसाठी पोसलेले वासरू या गोष्टी ज्या समाजाच्या व्यवहारात त्या रूपाने नाहीत, त्याच्या भाषेचे खरे सामर्थ्य अशा मजकुरातून कसे कळावे?

अहिराणीच्या बाबतीतही मतभेदाचा आरंभ येथूनच झाला. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात 'खानदेशी'चा विचार भिल्ली बोलींबरोबर करण्यात आला आणि गुजरातीशी असलेले तिचे साम्य दाखविण्यात आले. मराठीचे अनेक अभ्यासक मात्र तिला मराठीचीच बोली मानत आले आहेत. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' या शीर्षकाखाली, अहिराणी आणि डांगी यांसह, सुमारे १८ लाख ६० हजार भाषक मोजले गेले. अहिराणीला निदान लाखो बोलणारे आहेत आणि तिच्याविषयी वाद घालणारे विद्वानही आहेत. ज्या भाषेला यांपैकी काहीच नाही तिचे काय होते, हे पाहावयाचे तर मालेगावाहून पूर्वेकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जावे लागेल.

सातपुड्यातील निहाली

मनमाडहून रेल्वेने भुसावळ आणि मलकापूर मागे टाकून नांदुऱ्यास उतरावे आणि तेथून उत्तरेस बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद गाठावे. समोर सातपुडा उभा असतो. या तालुक्यातील जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चाळठाणा यांसारख्या गावांच्या परिसरात निहाल समाजाची वस्ती आहे. 'निहाली' किंवा 'नहाली' ही त्यांची भाषा. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास मानली जाते.

भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात (१९०६) स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने निहालीची दखल घेतली. त्याच्यापुढे होते निमाड जिल्ह्यातून आलेले कागद. त्यांवरून त्याने निहालीला कोरकूच्या पंक्तीस बसविले. मूळची मुंडा कुळातील, परंतु द्राविडी आणि आर्य भाषांची बरीच सरमिसळ झालेली बोली, असे तिचे वर्णन झाले. हा निष्कर्ष अगदीच निराधार नव्हता. निहाल आणि कोरकू शेजारी राहतात आणि निहालीत कोरकू शब्द विपुल आहेत.

पुढे १९४० साली रॉबर्ट शेफर यांनी याच तुटपुंज्या सामग्रीवरून शंका उपस्थित केली, की सरमिसळ बाजूला सारली तर खाली एखादी अगदी वेगळी भाषा उरते काय? शंकेचे निरसन कागदांवरून होण्यासारखे नव्हते. सुधिभूषण भट्टाचार्य यांनी निहाली भाषकांकडून प्रत्यक्ष ऐकून केलेल्या नोंदी १९५७ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या आधारे हॉलंडमधील एफ. बी. जे. कुइपर यांनी १९६२ साली निहालीचा तौलनिक अभ्यास मांडला. उपलब्ध शब्दांपैकी एक तृतीयांशाहून थोडे अधिक कोरकूशी जुळतात, काही द्राविडी आहेत, काही शेजारच्या आर्य भाषांतून आलेले आहेत. परंतु सुमारे एक चतुर्थांश शब्द भारतातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाहीत, असे त्यांना आढळले.

उदाहरणे साधी आहेत. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, निहालीत 'जोप्पो'. डोळ्याला कोरकूत 'मेड', तर निहालीत 'जिकित'. आकडे मोजताना निहाल माणूस दोनला 'इरार', तीनला 'मोथो' आणि चारला 'नालो' म्हणतो. कानडी किंवा तमिळ जाणणाऱ्याला हे आकडे लगेच ओळखीचे वाटतील. पाचापासून पुढचे आकडे मात्र शेजारच्या आर्य भाषांचे आहेत. एका लहानशा समाजाच्या बोलण्यात किती शेजाऱ्यांचा सहवास साठलेला असतो, याचा हा पुरावा आहे. सहवासाच्या या थराखाली 'जोप्पो' आणि 'जिकित' यांसारखे शब्द आहेत आणि त्यांचे नातेवाईक कोठेच सापडत नाहीत. युरोपात बास्क आणि हिमालयापलीकडच्या काराकोरममध्ये बुरुशास्की या जशा एकाकी भाषा मानल्या जातात, तशीच महाराष्ट्रातील ही निहाली.

यावरून लगेच 'ही भारताची आद्य भाषा' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून समाजाने मुद्दाम जपलेली गुप्त भाषा हेही निहालीचे एक अंग असू शकेल, अशी शक्यता खुद्द कुइपर यांनीच मांडली होती. उत्तर शोधावयाचे तर अधिक माणसांकडून अधिक काळ ऐकणे हाच मार्ग होता. पुण्याच्या आशा मुंडले यांनी तो पत्करला. निहाल कोण आणि ते काय बोलतात याविषयीचा त्यांचा लेख आणि त्यांनी जमविलेला निहाली शब्दसंग्रह १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर पुण्याच्याच डेक्कन कॉलेजातील के. एस. नागराज यांचे निहालीचे व्याकरण, कथनांचे मजकूर आणि शब्दसंग्रह म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ साली प्रकाशित केले. निमाडहून आलेल्या कागदांपासून या पुस्तकापर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत 'निहाल' हे नाव 'कोरकू' या मुख्य नोंदीखाली येते. हक्क आणि सवलती मिळण्याच्या दृष्टीने ही व्यवस्था सोयीची आहे. पण एका नोंदीखाली आलेले दोन समाज एकच भाषा बोलतात असे गृहीत धरले, तर कोनोची चूक कचेरीतही पुन्हा घडते. कोरकूचे भाषक २०११ च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक होते. कोरकूसाठी तयार केलेले पुस्तक निहाल मुलाच्या हाती दिले की त्याच्या भाषेची सोय झाली, असे समजणे चुकीचे ठरेल.

हुंझा खोऱ्यातील अधिकारी

बुरुशास्कीचा उल्लेख वर आला. तिच्या अभ्यासाची हकीकत येथे उपस्थित असलेल्या अधिकारीवर्गाने ऐकण्यासारखी आहे. डी. एल. आर. लॉरिमर हा ब्रिटिश अधिकारी १९२० ते १९२४ या काळात गिलगिट येथे नेमणुकीवर होता. सरकारी कामकाज सांभाळून त्याने तेथील डोंगरी भाषांच्या नोंदी केल्या. बदली झाल्यावर असे काम बहुधा तेथेच थांबते. लॉरिमरचे थांबले नाही. सेवानिवृत्त झाल्यानंतर १९३४ साली तो आपल्या पत्नीसह पुन्हा हुंझा खोऱ्यात गेला आणि गावात बिऱ्हाड करून राहिला. या वेळी त्याच्या हाती कसलाही अधिकार नव्हता. शेतीची कामे, घरबांधणी, लग्ने आणि सण पाहत, लोकांच्या तोंडून गोष्टी ऐकत त्याने भाषेची सामग्री जमविली. बुरुशास्कीचे व्याकरण, मजकूर आणि शब्दकोश असे तीन खंड १९३५ ते १९३८ या काळात ऑस्लो येथे प्रकाशित झाले. त्याची पत्नी एमिली हिने या मुक्कामाविषयी स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते १९३९ साली निघाले.

अधिकारी असताना ऐकलेली भाषा आणि पाहुणा म्हणून ऐकलेली भाषा यांत फरक पडतो. साहेबासमोर माणूस विचारले तेवढेच सांगतो, आणि साहेबाला हवे असेल असे सांगतो. चुलीपाशी बसलेल्या पाहुण्यासमोर तो आपल्या मुलांवर रागावतो, शेजाऱ्याची थट्टा करतो, पावसाला शिव्या देतो. व्याकरणाला लागणारी सारी रूपे अशा बोलण्यात असतात.

ऐकण्याची रीत

महाराष्ट्रातही या कामाची परंपरा आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आणि डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून एकेका बोलीवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केले. महाडची कुणबी बोली आणि ठाण्याची वारली यांचे वर्णन त्या मालेत आहे. २०१० साली डॉ. गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण सुरू झाले. त्याच्या महाराष्ट्र खंडाचे संपादन अरुण जाखडे यांनी केले. बोली बोलणाऱ्यांनीच आपल्या बोलीविषयी लिहावे, हे या प्रयत्नाचे वैशिष्ट्य होते. बागलाणात, सटाण्यास राहून सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक चालविले, हेही मालेगावकरांना परके नाही.

या साऱ्या कामातून ऐकण्याची एक रीत ठरत आली आहे. तिच्यात गूढ असे काही नाही.

पहिली गोष्ट वेळेची. पेरणीच्या दिवसांत कोणी कोणाशी बोलत बसत नाही. सुगीनंतर मजुरीसाठी बागायती भागाकडे स्थलांतर सुरू झाले की पाडे निम्मे रिकामे होतात. तेव्हा जाणाऱ्याने गावाचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे. आपल्या रजेचे किंवा मार्चअखेरीचे तेथे चालत नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. पाटलाकडे किंवा सरपंचाकडे उतरणे सोयीचे असते, परंतु त्यांचा बाहेरच्या जगाशी संबंध अधिक असल्यामुळे त्यांच्या बोलण्यात मराठी अधिक येते. म्हाताऱ्या स्त्रिया, गुराखी, वैदू, सुईण यांच्याकडे वेगळे शब्द असतात. एकाच शब्दासाठी निदान तीन-चार माणसांना, वेगवेगळ्या वेळी विचारावे. पानाकडे बोट दाखवून 'याला काय म्हणता' असे विचारले, तर उत्तर 'पान' असेल, 'हिरवे' असेल, त्या झाडाचे नाव असेल किंवा 'बोट' असेल.

तिसरी गोष्ट क्रमाची. शरीराचे अवयव, नातेवाईक, आकडे, पाणी, विस्तव, धान्ये, झाडे यांपासून आरंभ करावा. नात्यांचे शब्द सावकाश घ्यावेत. मराठीत काका वेगळा आणि मामा वेगळा. इंग्रजीत दोघांना एकच शब्द चालतो. दुसऱ्या समाजात मोठा काका आणि धाकटा काका यांनाही निरनिराळे शब्द असू शकतील. म्हणून 'काकाला काय म्हणता' असे विचारण्यापेक्षा 'तुझ्या बापाच्या थोरल्या भावाला काय हाक मारतोस' असे विचारणे बरे. शब्द झाले की वाक्ये, आणि वाक्यांनंतर न अडविता ऐकलेल्या गोष्टी.

गोष्टींची वाण डोंगरात नाही. कोकणा समाजात कणसरी या धान्यदेवतेची कथा थाळीच्या साथीने रात्र-रात्र सांगितली जाते. थाळीवर मेणाने एक काडी उभी करतात आणि तिच्यावरून बोटे खाली ओढली की अखंड घुमणारा नाद उमटतो. त्या नादावर कथा पुढे सरकते. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. शब्दांच्या यादीत कधीही न सापडणारी रूपे या कथांत आणि विधींत मिळतात. परंतु काही विधी बाहेरच्यासाठी नसतात. ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, नको म्हटले तर यंत्र बंद करावे, आणि मुद्रित केलेल्याची एक प्रत गावात ठेवावी. भाषा सांगणाऱ्याला त्याची भाषा परत मिळाली पाहिजे.

भाषा कोठे हरवते

भाषेला बंदी घातली म्हणून ती नाहीशी झाली, असे क्वचितच घडते. बहुधा ती संकोचामुळे आटते. आठवड्याच्या बाजारात कोणीतरी हसतो. बस थांब्यावर आई मुलाला 'येथे आपले बोलू नको' म्हणून दटावते. लग्न दुसऱ्या भाषेच्या घरात ठरते आणि नवी सून सासरची भाषा उचलते. मेळघाटाकडील निहालांनी आपली भाषा सोडून कोरकूच आपली मानली, ती कोरकू कुटुंबांच्या शेतांवर पिढ्यान्पिढ्या मजुरी करताना. जामोद भागातील निहाल निहालीबरोबरच मराठी, हिंदी, कोरकू यांपैकी एक-दोन भाषा सहज बोलतात. ही त्यांची गुणवत्ता आहे. बाहेरच्याशी त्याच्या भाषेत बोलण्याची ही सवय मात्र बाहेरून आलेल्याची दिशाभूल करते. तो म्हणतो, 'यांना तर मराठी येते', आणि रकान्यात मराठी लिहितो.

हा संकोच शाळेत सर्वांत आधी दिसतो. पहिलीत आलेले मूल महिनाभर बोलत नाही. शिक्षक त्याला 'मंद' समजतात, किंवा 'लाजाळू' म्हणून सोडून देतात. घरी तेच मूल गुरांना हाका घालते, धाकट्या भावंडाला गोष्ट सांगते, कोणत्या झाडाचा डिंक केव्हा काढावा हे जाणते. शाळेच्या दारात त्याची सारी शिदोरी बाहेर ठेवावी लागते. 'मना बाप' म्हणणाऱ्या मुलाला 'चुकले' म्हटले तर ते मूल पुढच्या वेळी 'माझे बाबा' म्हणेलच असे नाही. कदाचित ते काहीच म्हणणार नाही.

याचा अर्थ मराठी शिकवू नये असा नव्हे. डोंगरातील पालकांना आपल्या मुलांनी उत्तम मराठी शिकावे असे मनापासून वाटते. नोकरी, न्यायालय, दवाखाना आणि बँक यांचे दार त्याच भाषेने उघडते, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. प्रश्न वाटेचा आहे. घरच्या भाषेचा आधार घेऊन मराठीकडे जाणारे मूल दोन्ही भाषा राखते. तो आधार काढून घेतला तर एक भाषा सुटते आणि दुसरी नीट हाती येत नाही. संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदाने १९५६ पासून प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीची जबाबदारी राज्यांवर टाकली आहे. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याने शक्य असेल तेथवर मातृभाषेतून शिकविण्याचे तत्त्व घातले आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेवर भर दिला आहे. तरतुदी झाल्या आहेत. त्यांचा उपयोग व्हावयाचा तर कोणत्या पाड्यावर कोणती भाषा आहे, हे आधी कळले पाहिजे.

शिक्षक, प्रगणक आणि पंचायत

येथे पुन्हा रकान्याकडे यावे लागते. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावे प्रसिद्ध झाली होती. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्र नावाने प्रसिद्ध करणे थांबले. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली नावे १९,५६९ होती; छाननीनंतर प्रसिद्ध झालेल्या मातृभाषा २७० आणि त्यांच्या गटांतून ठरलेल्या भाषा १२१. निहालीसारखी भाषा अशा वेळी 'इतर' या शब्दात जाते. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांच्या जतनासाठी केंद्र सरकारने २०१३ साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानामार्फत योजना सुरू केली. संकटग्रस्त भाषांच्या यादीत महाराष्ट्रातून निहालीचे नाव आहे. परंतु भाषेचे नाव मुळात नोंदलेच गेले नाही, तर ती किती जणांची आहे आणि वाढते आहे की घटते आहे हे कोणतीही योजना सांगू शकणार नाही.

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झालेला आहे. प्रगणकाचे काम बहुतेक ठिकाणी प्राथमिक शिक्षकांकडे येते. मातृभाषेचे नाव सांगणाऱ्याने सांगितले तेच लिहावे, प्रगणकाने आपल्या समजुतीने बदलू नये, हा जनगणनेचा जुना दंडक आहे. तो तंतोतंत पाळला आणि 'घरात लेकराशी कोणत्या भाषेत बोलता' एवढा एक प्रश्न सबुरीने विचारला, तर ग्रियर्सनच्या काळापासून चालत आलेली एक उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.

शिक्षकांना आणखी एक काम सहज करता येण्याजोगे आहे. पाड्यावरच्या शाळेत एक जाड वही ठेवावी. तिच्यात मुलांनी आणि त्यांच्या आजी-आजोबांनी सांगितलेले शब्द नागरी लिपीत उतरवावेत. झाडे, पाखरे, धान्ये, अवजारे, आजार, नाती, ओढे आणि टेकड्यांची नावे असे तिचे भाग करावेत. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे, आणि तारीख न चुकता लिहावी. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहावी आणि पदभार देताना-घेताना दप्तराच्या यादीत तिचा समावेश असावा. दोनशे शब्दांची अशी वही हाती आली तर नवा शिक्षक पहिल्या आठवड्यातच मुलाला त्याच्या शब्दाने हाक मारू शकेल. आरोग्यसेविकेलाही तिचा उपयोग होईल. पोटातील दुखण्याचे प्रकार रुग्ण आपल्या भाषेत सांगतो, तेव्हा अर्धे निदान त्या शब्दांत असते.

पंचायतीला यासाठी मोठ्या निधीची जरुरी नाही. ग्रामसभेत एखादा विषय लोकांच्या भाषेत समजावून सांगणे, वर्षातून एकदा थाळीवरची कथा ग्रामपंचायतीच्या अंगणात होऊ देणे, आणि गावाचा नामफलक रंगविताना पाड्याचे लोकांच्या तोंडचे नाव लिहिणे एवढ्याने आरंभ होतो. ज्या भाषेला गावाच्या सभेत मान मिळतो, ती बस थांब्यावर लपवावी लागत नाही.

कोनोच्या टेबलावर निमाडचे कागद होते. त्याच्या विद्वत्तेत उणीव नव्हती. डोंगरावर जाणे तेवढे झाले नव्हते. आज डोंगरावर रस्ता गेला आहे, शाळा गेली आहे, तलाठी आणि आरोग्यसेविका गेल्या आहेत. सातपुड्यातील पाणी मागणारे मूल 'जोप्पो' म्हणते, हे पुण्यास किंवा ऑस्लोला छापून आलेल्या पुस्तकावरून कळण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. मोसमच्या उगमाकडील पाड्यांवर त्याच पाण्याला काय म्हणतात, तेथील शाळेच्या वहीत हा शब्द पहिल्या पानावर लिहिला जावा.